शेणाचं विरजण

पाहुणे यायला पंधरवडा राहिला असेल, आणि आमच्या अंगणातला फुगा बसला.

मेघा सकाळी चहा मांडायला गेली. शेगडीचा कान पिरगाळला, काडी ओढली. ज्योत जराशी भुरभुरली आणि गेली. दुसऱ्या काडीला तेवढीही आली नाही. मेघा माझी सून. ती बाहेर येऊन माझ्या खाटेपाशी उभी राहिली.

"मामी, गॅस नाही येऊन राहिला."

"कान उलटा फिरवला असशीन."

"वर्षभर कोण फिरवून राहिलं? मीच ना?"

ते खरं होतं, म्हणून मी उठले. थंडीनं गुडघे धरले होते, तरी उठले. आमचा फुगा जाड रबराचा, काळा, दोन म्हशी पुढेमागे बसाव्या एवढा लांब. खड्ड्यात अर्धा आत, अर्धा वर. एका तोंडानं शेण-पाणी आत जातं, दुसऱ्या तोंडानं रबडी बाहेर येते, आणि वरच्या नळीतून गॅस थेट सैपाकघरात. रोज सकाळी तो तट्ट असायचा, थाप मारली की ढोलकीसारखा बोलायचा. त्या दिवशी मी हात ठेवला तर हात आत गेला.

माझा नवरा बळीराम म्हशींच्या कोठ्यातून पाहत होता. "बसला वाटते," तो म्हणाला.

"दिसते मले. आंधळी नाही मी."

या फुग्याचं सांगते. डेन्मार्क नावाचा एक गारठ्याचा देश आहे. तिथले लोक डुकरांच्या आणि गाईंच्या शेणावर घरं ऊबदार ठेवतात म्हणे. त्यांचं सरकार, आपलं सरकार आणि नागपूरची एक संस्था, तिघांनी मिळून हे काम काढलं. आधी आमच्या मोहधऱ्यात एका घरी नमुना लावायचा. वर्षभर नीट चालला तर मोहधऱ्याच्या चाळीस घरी फुगे. नाही चालला तर ती चाळीस घरं शेजारच्या टाकळखेड्याला. ते ठरवायलाच पाहुणे यायचे होते. नमुन्याला आमचंच घर निवडलं, कारण आमच्याकडे ढोरं जास्त आणि दारात खव्याची भट्टी. नागपुरात धरमपेठेतल्या मिठाईवाल्यांना संत्रा बर्फीसाठी आमचाच खवा लागतो. दुसऱ्याचा नेला तर बर्फी दुसऱ्या दिवशी घाम सोडते.

खवा घोटायचा मेघानं. लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या हाताला ती चव होती. पण भट्टी लाकडाची, आणि लाकूड ओलं-सुकं जे मिळेल ते. दोन वर्षांपूर्वी तिला असा खोकला लागला की धंतोलीत नेऊन दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाला, "ही बाई पुन्हा धुरापाशी बसली तर माझ्याकडे आणू नका."

मी म्हटलं, "मग कोणाकडे आणू?"

त्यानं पुढच्या पेशंटला हाक मारली. फुगा आला तेव्हा कुठे मेघाची छाती जागेवर आली. म्हणून फुगा बसला म्हणजे नुसता चहा राहिला नव्हता.

दुपारी हिमानी आली. ही संस्थेची इंजिनिअर पोट्टी. धरमपेठेतून स्कूटीवर येते, डोक्याला ओढणी गुंडाळलेली असते, पण शेणात हात घालायला नाक मुरडत नाही. म्हणून मला आवडते. तिनं बाहेरच्या तोंडातली रबडी हातावर घेतली, वास घेतला. मग कागदाची पट्टी बुडवून पाहिली. मग उभी राहून कोठ्याकडे पाहू लागली.

"काकू, आत काय गेलं?"

"शेण गेलं. आणखी काय जाईन?"

"शेणाला असा वास येत नाही. दवाखान्यासारखा येतो."

बळीराम डोकं खाजवू लागला. मी त्याच्याकडे पाहिलं तर म्हशीकडे पाहू लागला.

झालं ते असं. चंद्रभान आमचा सरपंच. पाहुणे येणार म्हणून महिनाभर त्याच्या अंगात आलं होतं. एक दिवस येऊन म्हणाला, "काकी, फॉरेनचे लोक पाहून राहिले आन् तुम्ही त्यायच्या समोर हातानं शेण कालवसान? गावाची काही इज्जत?" आणि दोन मिस्त्री लावून कोठ्यापासून फुग्याच्या तोंडापर्यंत सिमेंटची नाली करून दिली. म्हणजे हात लावायचं काम नाही, पाणी मारलं की शेण आपोआप आत. मलाही वाटलं, चांगलं आहे. मग पंचायतीतून त्यानं फिनाइलचा डबा आणला. वास नको म्हणाला. माझा कोठा कोणी घाण म्हणून पाहावा हे मला तरी कसं चालेल? मी आणि बळीरामनं मिळून कोठा असा धुतला, असा धुतला, की म्हशी पाय टाकायला लाजू लागल्या. ते सारं पाणी त्या नव्या नालीनं गेलं कुठे, हे कोणीच पाहिलं नाही.

हिमानी ओट्यावर बसली. "काकू, फिनाइल जंतू मारते. आणि गॅस बनवतात ते जंतूच. सगळे मेले."

"सरपंचाले सांग. डबा त्याचा."

"सांगते. पण फुगा तुमचा."

इथं मला तिचा राग आला, कारण बरोबर बोलली. "आता काय करायचं ते बोल."

"पूर्ण रिकामा करायचा, साध्या पाण्यानं धुवायचा. मग चालू प्लांटमधली रबडी आणून भरायची. नुसतं नवं शेण टाकलं तर या थंडीत महिना जाईल. चालू रबडी अर्ध्याहून जास्त भरली तर आठवड्यात गॅस धरेल."

"म्हणजे विरजण पाहिजे."

"विरजणच. पण दुधाच्या बरोबरीनं."

"आन् ते मिळते कुठे?"

हिमानी जरा अडखळली. "जवळ एकच आहे. टाकळखेड्याला. जुना विटांचा प्लांट, वीस वर्षं बंद पडला नाही. पार्वतीबाईंचा."

कोठ्यात बळीराम हसला. मी वळून पाहिलं तर खोकल्याचं सोंग करू लागला.

पार्वतीबाई म्हणजे मेघाची आई. माझी विहीण. धंतोलीच्या दवाखान्यात, साऱ्या पेशंटांदेखत, ती मला म्हणाली होती, "तुमच्या घरी खवा घोटून घोटून माह्या पोरीचा धूर झाला." मी काय ऐकून घेणारी आहे? मी म्हटलं, "तुमच्या घरून आली तेव्हाच अर्धी होती, आम्ही खाऊ घालून पुरी केली." नर्सनं दोघींना बाहेर काढलं. त्या दिवसापासून ना ती माझ्या दारी, ना मी तिच्या. त्यात आता ही चाळीस घरं. आमचा फुगा बसला तर त्यांच्या गावाला मिळणार. अशा बाईकडे जाऊन मी रबडी मागायची!

संध्याकाळी चंद्रभान आला. त्याच्याकडे सोपा उपाय होता.

"काकी, टेन्शन नका घेऊ. सिलिंडर आणतो. कोठ्याच्या मागे लपवतो, तिथून नळी जोडतो. पाहुण्यायले जाळ दिसला म्हणजे झालं. फुग्यात हवा भरून देतो पंपानं."

"आन् पाहुणे गेल्यावर?"

"तवाचं तवा पाहू."

"चंद्रभान, तू निवडणूक असाच जिंकला काय गा? पाहुणे जातीन, सिलिंडर तू घेऊन जाशीन, आन् चाळीस घरच्या बाया बसलेले फुगे घेऊन माह्या दारात येतीन. चाल नीघ. आन् जाताना तुहा डबा घेऊन जाय."

डबा घेऊन गेला. पण रागानं बोलल्यानं भट्टी पेटत नाही. लग्नसराई सुरू होती. मिठाईवाल्याचा माणूस सकाळी डबे घेऊन उभा राहणार होता. दूध नासवायचं का? दुसऱ्या दिवशी मी जुनी भट्टी झाडली, लाकडं रचली, पदर खोचला आणि स्वतः बसले.

मेघा म्हणाली, "मामी, तुमचा खांदा."

"माहा खांदा मले माहीत. तू बाहेर बस."

पहिली कढई झाली. खव्यात एकदा घोटायचा सराटा फिरू लागला की थांबता येत नाही. थांबलं की बुडाला धरतो. दुसऱ्या कढईला अर्ध्यात माझा खांदा असा भरून आला की हात वर जाईना. दूध बुडाला धरू लागलं. मेघानं येऊन माझ्या हातातून सराटा काढून घेतला, नाकातोंडाला ओढणी बांधली आणि बसली. मी ऊठ म्हटलं, उठली नाही. संध्याकाळपर्यंत कढया उतरल्या, डबे गेले. आणि रात्री तिचा खोकला सुरू झाला. आधी सुका, मग आतून ओढल्यासारखा. आडवी झाली की वाढे, म्हणून भिंतीला पाठ लावून बसली. माझा मुलगा दुर्गेश हिंगण्याच्या कंपनीत आहे, शिफ्टवरून आला आणि तिच्याजवळ बसून राहिला. मी वाढलेलं ताट त्यानं तसंच सरकवलं. भांडला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या दिवशी तो शिफ्टवरून परतला तशी मी नऊवारी बदलून दारात उभी होते.

"चाल, टाकळखेड्याले ने."

तो पाहतच राहिला. "तुमी? मेघाच्या घरी?"

"मग काय सासुरवाडी तुह्या एकट्याची आहे?"

मोटरसायकलवर थंडी अशी लागली की कान गेले. वाटेत संत्र्याच्या बागांतून तोडणी चालली होती, खोके भरून गाड्या उभ्या होत्या. टाकळखेड्यात पोचलो तेव्हा सूर्य बुडायला आला होता.

पार्वतीबाई म्हशीखाली बसून धार काढत होती. आमची चाहूल तिला लागली होती. तिची मान जराशी ताठली, त्यावरून कळलं. पण वळली नाही. एक म्हैस झाली, दुसरी झाली. मी अंगणात उभी. खाट होती, पण बस म्हटल्याशिवाय मी बसणार नव्हते आणि ती म्हणणार नव्हती. दुर्गेश एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. शेवटी ती उठली, दुधानं भरलेला गंज आत ठेवला, तुळशीपाशी दिवा लावला, हात जोडले, आणि मग म्हणाली,

"या ईनबाई. वाट चुकल्या वाटते."

"वाट पाठ आहे मले. वरात घेऊन आलो होतो."

"मंग कसं येणं केलं?"

सांगितलं. फिनाइलही सांगितलं. लपवून काय करू, हिमानीनं दोन्ही गावांत सांगितलंच असतं. फिनाइलचं ऐकून तिनं तोंडाला पदर लावला. हसली असेल. मी पाहिलं नाही असं केलं.

"म्हणजे विरजण पाहिजे तुमाले."

"हाव."

"दिवा लागला, ईनबाई. दिवा लागल्यावर माह्या घरून विरजण जात नाही."

"सकाळी येतो मग."

"सकाळी येऊन काय करसान? चाळीस घरं आमच्या गावाले येऊन राहिली. ते मी आपल्या हातानं उचलून मोहधऱ्याले देऊ? गावातल्या बाया मले दगड मारतीन."

बरोबर होतं तिचं. मी असते तर मीही असंच बोलले असते, वर आणखी दोन शब्द बोलले असते. म्हणून मी वाद घातला नाही. पदर सारखा केला.

"नका देऊ. मी मागाले आलो नव्हतो तसा. सांगाले आलो होतो. मेघा काल चुलीपुढं बसली. नंतर म्हणसान, सांगितलं नाही."

तुळशीपुढच्या दिव्याची वात सारता सारता तिचा हात थांबला.

"काहून बसली?"

"माहा खांदा गेला. मी ऊठ म्हटलं, तिनं ऐकलं नाही. तुमचीच पोट्टी आहे."

"खोकते?"

"खोकते."

"झोपते?"

"बसून."

ती म्हशीपाशी गेली, तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "उद्या सकाळी मेघाले पाठवा. मोहधऱ्याले मी काही देत नाही. लेकीले देतो. लेकीले देल्लं ते घराबाहेर गेलं असं होत नाही."

"आन् वरमायनं यायचं नाही?"

"बैलबंडी हाकाले कोणी तरी पाहिजे ना."

दुर्गेश हसला. मी त्याला मोटरसायकल सुरू कर म्हटलं.

सकाळी बळीरामनं बंडी जुंपली, त्यावर निळे ड्रम बांधले, आणि तो, मी आणि मेघा असे तिघं निघालो. घरून निघण्याआधी, पहाटेच उठून, फुग्यातलं मेलेलं सारं बाहेर काढलं होतं. बादल्या भरभरून, कोपरापर्यंत हात घालून. थंड होतं ते, चिखलासारखं. दुर्गेशनं सुटी टाकली होती; नळीनं आतून पाणी मारता मारता त्याची बोटं पांढरी पडली. नालीच्या तोंडाशी मी स्वतः वीट लावून सिमेंट थापलं. सरपंचाची नाली सरपंचाला मुबारक. शेण हातानंच कालवायचं, ज्याला पाहून लाज वाटेल त्यानं डोळे मिटावे.

टाकळखेड्यात पार्वतीबाईच्या अंगणात गाव जमलं होतं. तिचा चुलत दीर रुपराव सर्वांत पुढे.

"वैनी, हे काय करून राहिली तू? गावाचं नशीब ड्रमात भरून देऊन राहिली."

"रुपराव, माह्या म्हशीचं शेण गावाच्या मालकीचं कवापासून झालं?"

"तसं नाही, पण चाळीस घरं..."

"चाळीस घरं तुह्या तोंडाकडे पाहून नाही येऊन राहिली. बादली उचल, नाहीतर बाजूले सरक. पोट्टी उभी आहे माही."

रुपराव सरकला. थोड्या वेळानं बादली उचलायलाही आला. माणूस वाईट नाही.

तिचा प्लांट जमिनीत, विटांचा, वरून घुमट. झाकण काढलं तशी वाफ वर आली. डिसेंबरच्या थंडीत ती रबडी कोमट होती. वर बुडबुडे येत, फुटत. पार्वतीबाईनं पहिली बादली स्वतः काढली. मेघाला समोर बोलावलं. ड्रमाला हळदीकुंकू लावलं, मूठभर तांदूळ वर टाकले, जशी ओटी भरतात तशी बादली ओतली. मेघा वाकून पाया पडली आणि वाकल्या वाकल्या खोकली. आईनं तिची पाठ धरून ठेवली, खोकला थांबेपर्यंत.

मग काम. बादली भर, उचल, बंडीवर दे. माझा एक खांदा काम करत नव्हता, मी दुसऱ्यानं उचलल्या. अंगावर सांडलं, पायात सांडलं. बैल नाकं फेंदारू लागले. सारे ड्रम भरले, तोंडं बांधली, तर पार्वतीबाई चपला घालून बंडीवर चढली.

"तुम्ही कुठे?"

"कसं ओतता ते पाहाले येतो. फिनाइलवाल्यायचा भरोसा नाही."

अंगणात आल्यावर तिनं माझा कोठा पाहिला, फुगा पाहिला, वीट लावलेली नाली पाहिली. "वीट बरोबर लावली," एवढंच म्हणाली. दोघींनी मिळून ओतलं. वरून ताजं शेण, कोमट पाण्यात कालवून. हिमानी आली, तिनं फुग्यावर कुटार, म्हणजे भुसा, आणि जुनी पोती पसरायला सांगितली, म्हणजे रात्रीचा गारठा लागणार नाही. मी घरातली एक गोधडीही टाकली. बळीराम म्हणाला, "माहीच गोधडी टाकली." मी म्हटलं, "तू खोकत नाही."

मग वाट पाहणं. पार्वतीबाई रोज दुपारी यायची. लेकीच्या घरी पाणी न पिण्याची तिची रीत, म्हणून स्वतःचा तांब्या घेऊन यायची. फुग्यावर हात ठेवायची, मी ठेवायची. ती म्हणायची वाढला, मी म्हणायची नाही वाढला. दुसऱ्या दिवशी उलटं. मिठाईवाल्याला मी सांगून टाकलं, आठ दिवस खवा नाही, गरज असेल तर थांब, नसेल तर घामाची बर्फी वीक. थांबला तो. चूल फक्त भाकरीपुरती, तीही मी. मेघाला सैपाकघराच्या उंबरठ्याच्या आत येऊ दिलं नाही. पाहुण्यांचा दिवस उजाडला तेव्हा गोधडी मधोमध उचलल्यासारखी दिसत होती. तट्ट नाही, पण म्हातारीचं पोटही नाही.

"पेटवून पाहू?" मेघानं विचारलं.

हिमानी म्हणाली, "आधी जाळून संपवू नका. थोडाच आहे. पाहुण्यांसमोर पेटवू."

म्हणजे पेटतो की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं.

गाड्या आल्या. साहेब लोक, नागपूरचे, दिल्लीचे, आणि डेन्मार्कचे तिघं. त्यात एक बाई. माझ्याच वयाची, उंच, पांढऱ्या केसांची, पायात रबरी बूट. साहेब लोक खुर्च्या शोधत होते. ही आधी कोठ्यात गेली आणि म्हशीच्या शिंगांमध्ये खाजवलं. हिमानी म्हणाली, तिकडं हिच्या गाई आहेत. मी तिचे हात पाहिले. खरं होतं, आयुष्यभर धार काढलेले हात होते.

चंद्रभाननं फोटोसाठी शेगडी सैपाकघरातून काढून भर अंगणात, भर उन्हात, टेबलावर मांडली होती. नळी लांब जोडली होती. मेघा पुढं झाली. कान फिरवला. काडी लावली. काडी विझली.

सारे खुर्च्यांवरूनच वाकून पाहू लागले. शेगडीवर काही नाही. आवाज नाही, जाळ नाही. मेघानं माझ्याकडे पाहिलं. पार्वतीबाईनं माझा दंड घट्ट धरला. मला शेगडी दिसत नव्हती, भिंतीला पाठ लावून बसलेली मेघा दिसत होती.

चंद्रभाननं पुढे होऊन हात जोडले. "माफ करा साहेब. आम्ही लय मेहनत घेतली, पण बायायच्या हाती देल्लं म्हणजे असंच होते. ह्या आमच्या काकी, त्यायले समजून सांगा समजून सांगा..." आणि मला दाखवायला त्यानं हात फिरवला. खांद्यावरचं नवं उपरणं शेगडीवरून गेलं.

भप्पकन पेटलं.

"अरे बापा! अरे बापा रे!" तो उपरणं झटकत अंगणभर नाचू लागला. बळीरामनं म्हशीच्या घमेल्यातलं पाणी त्याच्यावर उपसलं. हिमानी मोठ्यानं हसत म्हणाली, "उन्हात दिसत नाही! ज्योत चांगली असली की उन्हात दिसत नाही!" तिनं शेगडीवर छत्री धरली. सावलीत निळी, फणीच्या दात्यांसारखी, गोल ज्योत जळत होती.

मी मेघाला म्हटलं, "कढई ठेव."

दूध तापेपर्यंत ती बाई शेगडीपाशीच उभी राहिली. मग तिनं काही विचारलं. हिमानीनं सांगितलं, "मध्ये हा बंद पडला होता का, विचारतात. फुग्याला नवी रबडी दिसते."

चंद्रभान ओल्या अंगानं पुढं आला. "नाही नाही, मॅडम, वर्षभर..."

"चंद्रभान, तू आधी वाळ," मी म्हटलं. आणि हिमानीला म्हटलं, "सांग त्यायले. तुमच्यासाठी कोठा धुतला, त्यात मेला. मग माह्या विहिणीच्या घरून विरजण आणलं. तिचं गाव टाकळखेडा. ही उभी आहे. हिनं देल्लं नसतं तर तुम्ही कोरडी शेगडी पाहून गेल्या असत्या."

हिमानीनं सारं सांगितलं. ती बाई फिनाइलवर हसली, पोट धरून. मग पार्वतीबाईकडे पाहून पुष्कळ बोलली. हिमानी म्हणाली, त्यांच्याकडं तीन गावांचं शेण एका टाकीत जातं. सुरुवातीला कोणी दुसऱ्याच्या गावाचं शेण आपल्या टाकीत येऊ देत नव्हतं. चर्चमध्येही वेगळे बसत.

"आन् मग?" पार्वतीबाईनं विचारलं.

"थंडी पडली, म्हणतात."

मग बाई दिल्लीच्या साहेबाशी बोलायला लागली. साहेब कागद दाखवत होता, ती मान हलवत होती. हिमानीनं ते सांगितलं नाही, गरज नव्हती. भांडण कोणत्याही भाषेत कळतं. शेवटी साहेबानं चष्मा काढून पुसला, आणि हिमानी आमच्याकडं आली. वीस घरं मोहधरा, वीस टाकळखेडा. राहिलेली दोन्हीकडची पुढच्या वर्षी. आणि रबडी देण्याघेण्याचं काम दोन्ही गावांच्या बायांनी मिळून पाहायचं.

"चाळीस आमचे होते," चंद्रभान पुटपुटला.

"उपरणं पाह्य आपलं," मी म्हटलं.

पाहुणे गेले, मांडव उतरला, शेगडी पुन्हा सैपाकघरात गेली. त्या दिवसाच्या दुधाची पहिली मोठी कढई मेघानं चढवली. आम्ही दोघी विहिणी उंबरठ्याला टेकून बसलो होतो.

"आच मोठी आहे," पार्वतीबाई म्हणाली.

"बरोबर आहे. आमच्याकडे अशीच ठेवतात."

"म्हणूनच रंग चढते खव्याले. पांढरा निघाला पाहिजे."

"संत्रा बर्फीले थोडा रंगच लागते. तुमच्याकडे पेढे होतात, तुमाले काय माहीत?"

"माह्या हाताखाली शिकली ती."

"आन् माह्या घरी येऊन विसरली, म्हणून चांगली घोटते."

मेघानं सराटा थांबवला नाही. तशीच, मागे न वळता म्हणाली, "आई, तू बाहेर जाऊन बस, मामी, तुमीही बाहेर जाऊन बसा, आच माही आहे, कढई माही आहे, खवा माहा आहे, पांढरा करीन नाहीतर काळा करीन, दोघीनं मिळून माहं डोकं खाऊ नका, आन् खवा बुडाले धरला तर मिठाईवाल्याले तोंड तुमीच दाखवजा दोघी!"

एका श्वासात एवढं. मध्ये कुठं थांबली नाही, खोकली नाही.

पार्वतीबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं. दोघी उठलो आणि बाहेर अंगणात जाऊन बसलो.